बबडीचा कप्पा

कुकरखालचा गॅस बारीक करून ती फळीवरच्या बोलक्या डबीपाशी आली आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "बबडी गेली, हे काढ. ती परगावी नोकरीला आहे, असं ठेव."

"आधीची नोंद वेगळी आहे. ती मागे सारून ही पुढे ठेवू?"

"ठेव."

त्या दिवशी देवाला हात जोडताना तिची नजर वर गेली नाही. पण करणार काय? नवऱ्याला कालचं आठवेनासं झालं होतं. उठला की तो डबीला विचारी, "आमची बबडी कुठंय?" डबी खरं तेच सांगे. आणि रोज सकाळी त्याची लेक नव्याने जाई.

डबी भाचीने आणून दिली होती. दिवसभरातलं बोलणं डबी रात्री चाळते, टिकाऊ तेवढं ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवते, असं तिने समजावलं होतं. "मामी, तुझ्या कपाटापेक्षा नीट," असं वर चिडवलंही होतं.

आता उत्तर ऐकून तो खुलायचा. "परगावी? छान. करेल फोन." हा आनंद दुपारपर्यंत टिके. मग फोनकडे डोळे, मग कुरकुर.

"पंख फुटले. आता कशाला आठवतोय बाप."

"कामात असेल हो."

"घे, तिचीच बाजू घे."

एकदा त्याचा डोळा लागलेला असताना तिने डबीला विचारलं, "बबडीच्या कप्प्यात काय काय आहे?"

"परगावी नोकरी. घरी फोन करत नाही. वडिलांना विसरली."

ओटा पुसणारा तिचा हात थांबला. शेवटच्या दुखण्यात बोलायचं त्राण नसतानाही बबडी खुणेनं विचारायची, बाबा जेवले का.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"ते रोज म्हणतात. वारंवार आलेलं मी कायम ठेवते."

"पूस ते. मागे सारलेलं पुढे आण." तिने फडकं पिळून ठेवलं. "पण तू नको सांगूस. त्यांनी विचारलं की मला हाक मार."

दुसऱ्या सकाळी हाक आली. पदराला हात पुसत ती बाहेर गेली. तो पलंगाच्या कडेवर बसला होता.

"अगं, हिला विचारतोय, तर ही तुला बोलावते. आपली बबडी कुठंय?"

तिने त्याच्या सदऱ्याची उरलेली बटणं लावली, कॉलर सारखी केली.

"सरका जरा," ती म्हणाली. "बसू द्या मला."