दोन लाख किलोमीटर

गाडीचा चौथा स्पार्क प्लग सुटेना, तेव्हा गिरिजाने पाना काढून घेतला, हात पुसला आणि पुन्हा नीट बसवून सावकाश फिरवला. प्लग निघाला. तिने तो उन्हाकडे धरून टोक पाहिलं. फिकट कॉफीच्या रंगाचं, कोरडं. समोर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे होता. त्यातल्या चौथ्या खळग्यात तिने तो ठेवला, म्हणजे कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे चुकत नसे.

“आता राहू दे ते,” शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेले विजयराव म्हणाले. “उद्या रणजीत इंजिन रिकामंच करून घेणार आहे.”

“म्हणजे?”

“गाडी त्याच्या हॉटेलच्या लॉबीत ठेवायची ठरलीय. संगमरवरावर डाग पडायला नकोत, म्हणून ऑइल, पाणी, पेट्रोल सगळं काढून टाकतील. खाली पितळी पाटी. माझं नाव.” त्यांनी ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावरून हात फिरवला. “मला काही आता क्लच दाबता येणार नाही. इथे ठेवून करायचं काय?”

गिरिजाने ट्रेमधला पहिला प्लग उचलला, तारेच्या ब्रशने घासला आणि बोटांनीच आत फिरवायला लागली. पहिले काही आटे पान्याशिवाय बसले पाहिजेत. तसे ते बसले.

“कधी ठरलं?”

“गेल्या आठवड्यात. उद्या कार्यक्रमात किल्ली द्यायची. तू असशीलच सोबत.”

चारही प्लग बसवून झाल्यावर तिने गाडीखाली जुनी परात सरकवली आणि चटईवर आडवी होऊन खालचा नट सैल केला. काळं ऑइल परातीत पडू लागलं.

“अगं, उद्या काढूनच टाकणार आहेत, तर आज नवीन कशाला घालतेस?”

“पाच हजार किलोमीटर झाले,” गाडीखालून ती म्हणाली.

सतरा वर्षांपूर्वी विजयरावांची बँकेतून जयपूरला बदली झाली, तेव्हा गिरिजा कराडच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवत होती. ती नोकरी सोडून ती आली. मुरलीपुऱ्यात घर घेतलं त्याच वर्षी नीमराण्याच्या एका कारखान्यातला जपानी इंजिनिअर मायदेशी परत चालला होता. त्याची दोन आसनांची लाल स्पोर्ट्‌स कार विजयरावांनी हट्टाने घेतली. तिच्यासोबत एक जाड पुस्तक आलं. सगळं जपानीत. विजयरावांनी ते एकदा चाळून कपाटावर टाकलं.

दुपारी घर रिकामं असे. गिरिजाने ते पुस्तक खाली काढलं. अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे आकडेच होते आणि आकृत्या स्वच्छ होत्या. ऑइल किती लिटर, प्लगच्या टोकात किती फट, कुठला नट किती घट्ट, हे तिने महिनाभरात एका वहीत मराठीत उतरवून काढलं. अवजड कामांसाठी सीकर रोडजवळच्या नंदकिशोर मिस्त्रींकडे गाडी न्यायची आणि काम संपेपर्यंत बाजूला उभं राहायचं. नंदकिशोरजींनी पहिल्या खेपेला तिच्यासाठी स्टूल आणवलं होतं. दुसऱ्या खेपेला टॉर्च तिच्या हातात दिला.

गाडी विजयराव चालवत. सोडाल्याच्या शाखेत, जुन्या गाड्यांच्या क्लबात, रविवारी पुष्करला. बरोबरीच्या गाड्यांची इंजिनं एकेक करून उघडली गेली, हिचं कधी उघडावं लागलं नाही. क्लबात लोक विचारत. विजयराव म्हणत, “गाडीला जीव लावावा लागतो.” कुणी खोलात शिरून आकडा विचारलाच, तर ते गिरिजाकडे बघत. ती हळू आवाजात आकडा सांगे आणि ते तो मोठ्याने सांगत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी रणजीतचा ड्रायव्हर मोठी गाडी घेऊन आला. साहेबांना घेऊन जायचं आणि मग परत येऊन लाल गाडी न्यायची, असं त्याला सांगितलेलं होतं.

“परत येऊ नका,” गिरिजा त्याला हिंदीत म्हणाली. “मी आणते.”

विजयराव मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

अजमेर रोडवरच्या हॉटेलच्या हिरवळीवर पंचवीस-तीस जुन्या गाड्या उभ्या होत्या. क्लबचा अध्यक्ष आणि हॉटेलचा मालक रणजीत निंबाळकर सगळ्यांच्या मधून फिरत होता. त्याचा जन्मच जयपूरचा, मराठी घरापुरती.

“वहिनी, आज मतलब खूप मोठा दिवस आहे आपल्यासाठी,” तो म्हणाला. “विजयजींची गाडी पाहायला लोक दिल्लीवरून येतील.”

गाडीभोवती घोळका जमला होता. बॉनेट उघडं होतं. निलय नावाचा एक तरुण फोन समोर धरून उभा होता. जगतपुऱ्यात राहणारा, सॉफ्टवेअरमधला, मूळचा नाशिकचा. जुन्या गाड्यांवर तो मराठीत व्हिडिओ करी आणि ते पाहून लोक आपापल्या गाड्यांचं काम काढत.

“काका, दोन लाख किलोमीटर, आणि इंजिन एकदाही उघडलं नाही. कसं जमवलंत?”

“शिस्त,” विजयराव काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले. “आणि जीव लावावा लागतो.”

“कूलंट किती वर्षांनी बदलता?”

विजयरावांनी गिरिजाकडे पाहिलं.

गिरिजा रेडिएटरच्या टोपणाकडे पाहत होती. तिथे धूळ बसली होती. तिने ती पदराच्या टोकाने पुसली. नंतरही वर पाहिलं नाही.

“असेल,” विजयराव थोड्या वेळाने म्हणाले, “चार-पाच वर्षांनी.”

“आणि टायमिंग बेल्ट?”

ते पुन्हा तिच्याकडे वळले. मग हसले. “बेल्ट? तो कधी बदलावाच लागला नाही.”

निलयचा फोन किंचित खाली आला. “दोन लाखांत एकदाही नाही?”

“देखा?” रणजीत घोळक्याला म्हणाला. “याला म्हणतात गाडी सांभाळणं.”

“व्हिडिओतून तेवढं काढून टाक,” गिरिजा निलयला म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“तुझं ऐकून कुणी बेल्ट तसाच ठेवेल. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिन गेलं.” तिचा आवाज चढला नव्हता, पण दबलेलाही नव्हता. “या गाडीचा दोनदा बदललाय. ऐंशी हजार किलोमीटरला आणि एक लाख साठ हजारांना. दोन्ही वेळा मी उभं राहून बदलून घेतला. वॉटर पंपही त्याच वेळी. कूलंट दर दोन वर्षांनी बदलते.”

“काकू, तुम्ही?”

“मी.”

निलयने फोन तिच्याकडे वळवला. “अजून सांगाल?”

तिने सांगितलं. दर पाच हजारांना ऑइल आणि फिल्टर. महिनाभर गाडी कुठे गेली नाही, तरी आठवड्यातून एकदा सीकर रोडने वीस किलोमीटर. इंजिन पुरतं गरम झाल्याशिवाय जोरात पळवायची नाही. सांगताना ती एकेका भागावर बोट ठेवत होती आणि मागचे लोक टाचा उंचावून पाहत होते. विजयराव काठी टेकून तिथेच उभे होते.

रणजीतने घड्याळ पाहिलं. “वहिनी, खूपच छान. आता किल्ली देऊन टाकू या. फोटोवाले थांबलेत.”

“गाडी मी देत नाही.”

“मतलब?”

“कोरडं करून ठेवलं की सील सुकतात, सिलिंडरना आतून गंज धरतो. वर्षभरात या इंजिनचं भंगार होईल. चालतं इंजिन मी त्यासाठी देणार नाही.”

“पण वहिनी, आता चालवणार कोण?” रणजीत समजूत घालण्याच्या सुरात म्हणाला.

“आज इथे कुणी आणली?”

रणजीतने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने मान हलवली. “मैं तो साहब को लाया था.”

रणजीत विजयरावांकडे वळला. “विजयजी, आपलं तर ठरलं होतं ना. पाटीसुद्धा झालीय.”

विजयराव बॉनेटखाली पाहत होते. सतरा वर्षांत त्यांनी हे बॉनेट क्वचितच उघडलं होतं आणि उघडलं तेव्हा लोकांना दाखवायला.

“किल्ली तिच्याकडे असते, रणजीत,” ते म्हणाले.

गिरिजाने बॉनेट खाली घेतलं, तळव्याने दाबून बंद केलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. रणजीत अजून काही बोलत होता. विजयराव त्याच्या शेजारून निघाले, हळूहळू गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले. बसायला वेळ लागला. पाय हातांनी उचलून आत घ्यावा लागला. मग ते पट्टा शोधू लागले आणि सवयीने उजव्या खांद्यामागे चाचपत राहिले.

“डावीकडे,” गिरिजा म्हणाली.

तिने इंजिन सुरू केलं आणि तापमानाचा काटा वर यायची वाट पाहत बसली. हिरवळीवरचे लोक बाजूला झाले होते. गाडी फाटकाबाहेर पडली.

“दोनदा?” अजमेर रोडच्या पहिल्या सिग्नलला विजयरावांनी विचारलं. “पहिल्यांदा कधी?”

“तुम्ही ऑडिटला उदयपूरला गेला होतात तेव्हा.”

“मला सांगायचंस.”

“सांगितलं होतं. आलात त्याच संध्याकाळी.”

“मग मी काय म्हणालो?”

“जेवायला वाढ म्हणालात.”

सिग्नल हिरवा झाला. तिने गाडी सावकाश पुढे काढली. विजयरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“आता पुढचा कधी?”

“दिवाळीनंतर. किलोमीटर भरले नसले तरी रबराचं वय होतं.”

“मी येईन,” ते म्हणाले.

तिने समोरचा ट्रक उजवीकडून मागे टाकला, आरशात पाहिलं आणि पुन्हा आपल्या लेनमध्ये आली.

“मिस्त्रींकडे दिवसभर उभं राहावं लागतं,” ती म्हणाली. “स्टूल एकच आहे.”