भूकंपाचा उजवा गुडघा

'भूकंप' या बँडचा एकच नियम होता, आणि पंचवीस वर्षांत तो कुणी मोडला नव्हता. वाजवताना एकाची चूक झाली, की बाकीच्या तिघांनी ताबडतोब तीच चूक करायची.

हा नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे बँडचे गिटारवाले. शाळेत गणित शिकवायचे. भूकंपाचा पहिलावहिला कार्यक्रम टायरच्या एका दुकानाच्या उद्घाटनाला झाला होता, आणि त्यात गायकाने दुसरं कडवं गाळून थेट तिसऱ्याला हात घातला होता. मास्तर दुसऱ्यात, गायक तिसऱ्यात, आणि उरलेले दोघे वाट फुटेल तिकडे. लोक पोट धरधरून हसले. सामान टेम्पोत भरता भरता मास्तर म्हणाले, "चूक एकाची झाली तर ती चूक. चौघांची झाली तर ती चाल." गणिताच्या माणसाच्या तोंडी हे जरा विचित्रच, पण तेव्हापासून भूकंपवाल्यांना कुणी हसलं नाही.

आपली गोष्ट ड्रमवाल्याची. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. गायक हा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा आणि दिवसभर शिकाऊ माणसांशेजारी बसून ओरडायचा, त्यामुळे आवाज तयार करायला वेगळा रियाज लागला नाही. चौथा फ्रिजवाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा, बेस गिटार वाजवायचा आणि महिन्याकाठी दोन वाक्यं बोलायचा. त्यातलं एक गिऱ्हाइकासाठी असे.

भूकंपाचं गाजलेलं गाणं म्हणाल तर एकच, 'फाटक तोडा'. कुठलं फाटक आणि ते का तोडायचं, हे चौघांनाही नीट ठाऊक नव्हतं. पण तेव्हा सगळे तिशीच्या आतले होते, अंगात राग मावत नव्हता, आणि तो कशावर तरी काढणं भाग होतं. त्या गाण्याने त्यांना आजूबाजूच्या दहा-बारा गावांत नाव मिळवून दिलं. तेराव्या गावात त्यांना कुणी विचारत नव्हतं, पण तिथे जायला टेम्पोही परवडत नव्हता.

मग चार वर्षांपूर्वी चष्मेवाला दुकानात फ्रेमचे खोके काढताना शिडीवरून घसरला. लागलं उजव्या गुडघ्याला. मोठ्या ड्रमचा पेडल दाबायचा तो हाच पाय. दाबला की कळ थेट मस्तकात जायची. तो डॉक्टरकडे गेला नाही. दिवसभर लोकांना 'इतके दिवस का अंगावर काढलंत, आधी यायला नको का' म्हणून झापणारा माणूस स्वतः कधीच वेळेवर जात नाही, हा जगाचा नियमच आहे. त्याने फक्त पेडल किंचित सावकाश दाबायला सुरुवात केली. इतकं किंचित, की त्याचं त्यालाही कळलं नाही. बाकीचे तिघे नियमाप्रमाणे सावकाश झाले. पुढच्या कार्यक्रमात आणखी किंचित. रोज आरशात बघणाऱ्याला आपलं टक्कल पडताना दिसत नाही, तसंच ते.

चार वर्षांत 'फाटक तोडा' इतकं संथ झालं, की ऐकणाऱ्याला वाटावं, फाटक तोडायचं नसून कुणाला तरी विनंती करून उघडून घ्यायचं आहे. लग्नाच्या पार्ट्यांत त्याची फर्माईश व्हायला लागली. नवरानवरी त्यावर हातात हात घालून डुलायची. एका वर्तमानपत्राने लिहिलं, की भूकंप आता परिपक्व झाला आहे. मेहुण्याने ते कात्रण लॅमिनेट करून शिकवण्याच्या गाडीत लावलं.

एके सकाळी दुकानात एक पेन्शनर गृहस्थ तपासणीची जड फ्रेम नाकावर घेऊन भिंतीवरची अक्षरं वाचत होते. रेडिओ चालू होता. निवेदिका म्हणाली, की भूकंपाला पंचवीस वर्षं झाली, त्यानिमित्त ऐकू या त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग. आणि गाणं सुरू झालं.

चष्मेवाल्याच्या हातातली काच हातातच राहिली. ड्रम असे काही वाजत होते, की कपाटातल्या फ्रेम कशा पडत नाहीत याचंच नवल. कोण वाजवतंय हे, त्याच्या मनात आलं. चांगला वाजवतोय.

"हे तुम्हीच ना?" गृहस्थांनी विचारलं.

"हो. म्हणजे, होतो."

भिंतीवरच्या घड्याळात त्याने वेळ बघितली. गाणं दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपलं. दुपारी जेवायला घरी गेल्यावर त्याने बायकोच्या फोनमधलं गेल्या महिन्यातल्या लग्नाचं चित्रीकरण लावलं. तेच गाणं, तेच शब्द, पाच मिनिटं दहा सेकंद. त्याने ताट बाजूला सारलं. पाच मिनिटं दहा सेकंद त्याच्या गुडघ्याने लावली होती, आणि तिघे इतकी वर्षं चुपचाप त्या गुडघ्यामागे चालत होते. कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो पुढेच होता. रेडिओवर हेही सांगितलं होतं, की चार महिन्यांनी नाट्यगृहात भूकंपाचा खास कार्यक्रम आहे, 'त्याच जुन्या जोशात'. त्या संध्याकाळी चष्मेवाला ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत सरावाला गेला, तर टेबलावर नवा खोका. ताल धरणारं यंत्र. बटण दाबलं की पाहिजे त्या वेगाने ड्रम वाजवणारं.

"हे कशाला?"

"असंच, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "घरी जरा सराव करायला." आणि त्याने खोका पायाने बाकाखाली सरकवला.

चष्मेवाला काय समजायचं ते समजला. यंत्राला गुडघा नसतो. तो त्या दिवशी वाजवून घरी आला. बँड गेला तर आपल्याजवळ काय उरतं, याचा त्याने रस्ताभर हिशोब मांडला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत 'आता बरं दिसतंय की आधी?' असं विचारायचं, एवढंच उरत होतं. त्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. त्याला त्या टाळ्या हव्या होत्या, आणि ते तिघेही हवे होते.

त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"मी चार वर्षं कानीकपाळी ओरडतेय, डॉक्टरकडे चला म्हणून," ती म्हणाली. "माझं नाही ऐकलंत. रेडिओचं बरं ऐकलंत."

डॉक्टरांनी बघितलं. गुडघ्यातली गादी फाटली होती. दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन, मग व्यायाम, आणि दोन महिन्यांत पाय पहिल्यासारखा. चष्मेवाल्याने एकच अट घातली, की बँडमध्ये कुणाला कळता कामा नये. कळलं तर बरं होईपर्यंत ते यंत्र त्याच्या जागेवर जाऊन बसेल, आणि एकदा बसलं की उठणार नाही. म्हणून बायकोने भावाला सांगितलं, की नव्या काचांचं प्रशिक्षण आहे, पाच-सहा आठवडे बाहेरगावी गेलेत. लोकांशी खोटं बोलणं तिला अजिबात पटायचं नाही. भावाशी चालायचं.

ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याला लहान मुलासारखं रडवलं. मग एके दिवशी त्याने सोफ्याच्या उशा मांडल्या, पायाखाली जुनी चप्पल ठेवली आणि 'फाटक तोडा' वाजवलं. बायको स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ घेऊन समोर बसली.

"तीन मिनिटं वीस," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तीन मिनिटं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं पन्नास, आणि एका उशीची शिवण उसवली. बायकोने सुईदोरा आणला. नवऱ्याला इतकं खुशीत तिने बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

इथे खरं तर त्याने सरळ खोलीवर जाऊन तिघांना गुडघा दाखवायला हवा होता. पण माणसाचं नाक मध्ये येतं. त्याला त्यांना चकित करायचं होतं, तेही भरल्या नाट्यगृहात. म्हणून परत आल्यावर महिनाभर तो सरावाला पूर्वीसारखाच रेंगाळत वाजवत राहिला, आणि जिना चढताना न चुकता कण्हला. तिघे त्याच्याशी फार गोडीने वागत होते. खोका आता बाकाखाली नव्हता. म्हणजे नाट्यगृहात पोहोचला असणार, असं चष्मेवाल्याने ठरवून टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह खचाखच भरलं. चाहते पंचवीस वर्षांनी थोराड झाले होते. सवयीने सगळे खुर्च्यांत निवांत रेलून बसले होते. बायको तिसऱ्या रांगेत होती. 'फाटक तोडा' शेवटी होतं. चष्मेवाल्याने काठ्या आपटून चार मोजले, आणि त्या मोजण्याचा वेग ऐकूनच मास्तरांनी मान वळवली.

मग त्याने पाय सोडला.

आता नियम म्हणजे नियम. तिघे त्याच्यामागे धावले. पहिलं कडवं असं सुटलं, की लोक खुर्च्यांतून उठले. पहिल्या रांगेतले एक टकलू काका दोन्ही हात वर करून नाचायला लागले. चष्मेवाल्याला गुडघा जाणवतच नव्हता. त्याला आपण अठ्ठावीस वर्षांचे आहोत असं वाटत होतं, आणि यंत्राच्या तोंडात मारल्याचा आनंद तर वेगळाच. मोठ्या ऐटीत त्याने साथीदारांकडे बघितलं.

मेहुण्याचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. ओळीतले निम्मे शब्द तो गिळत होता आणि उरलेल्या शब्दांसाठी त्याच्याकडे श्वास नव्हता. उजव्या पायाने तो स्टेजच्या फळ्या दाबत होता. चष्मेवाल्याला आधी कळेना हे काय चाललंय. मग लक्षात आलं. शिकवण्याच्या गाडीत त्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो, आणि शिकाऊ माणूस गाडी हाताबाहेर नेतो तेव्हा मेहुणा तो असाच दाबतो. मास्तरांची बोटं तारांवर एकमेकांत अडकली होती. जिथे पूर्वी ते वीस सूर घ्यायचे तिथे त्यांनी तीन घेतले, आणि तेही हिशोबात चुकले. फ्रिजवाल्याने तर वाजवणं केव्हाच सोडलं होतं. तो फक्त मान हलवत होता.

 चष्मेवाल्याच्या ध्यानात आलं, गेला होता तो फक्त त्याचा गुडघा नव्हता. एकाचा दम गेला होता, एकाची बोटं गेली होती, आणि तिघांनी आपापलं म्हातारपण त्याच्या गुडघ्याच्या आडोशाला ठेवलं होतं. कुणी बोललं नाही ते मोठ्या मनाने नव्हे. बोलले असते तर आडोसाच गेला असता. आणि तो मूर्ख, बायकोचं घड्याळ लावून तो आडोसा पाडून आला होता.

समोर सगळं नाट्यगृह उभं होतं. असं दहा वर्षांत झालं नव्हतं आणि पुढे होणार नव्हतं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणखी दोन मिनिटं तो असाच वाजवत राहिला असता, तर दहा-बारा गावांत त्याचंच नाव झालं असतं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मेहुण्याने वळून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. धाकटा भाऊ रस्ता ओलांडताना बघतो तसं त्याने बघितलं.

चष्मेवाल्याने तोंड वेडंवाकडं केलं, गुडघा धरला आणि एक ठोका चुकवला. पुढचा उशिरा दिला. त्याच्या पुढचा आणखी उशिरा.

तिघांनी तीच चूक ताबडतोब केली. इतक्या तत्परतेने नियम पंचवीस वर्षांत पाळला गेला नसेल. मेहुण्याने पोटभर श्वास घेतला आणि फाटक उघडण्याची विनंती सुरू केली. टकलू काकांनी हात खाली घेतले, मग इकडे तिकडे बघून आपल्या बायकोचा हात धरला. हळूहळू सगळे डुलायला लागले. गाणं साडेचार मिनिटांच्या आसपास संपलं, आणि टाळ्या भरपूर पडल्या.

पडदा पडल्यावर तिघे त्याच्याभोवती जमले.

"भाऊजी, पहिलं कडवं काय वाजवलंत," मेहुणा घाम पुसत म्हणाला. "पण एवढं ताणू नये हो. दगा दिला ना गुडघ्याने?"

"दिला," चष्मेवाला म्हणाला.

"वयाला मान द्यावा लागतो," मास्तर बोटं चोळत म्हणाले. "आम्ही लगेच सांभाळून घेतलं, म्हणून लोकांना कळलं नाही."

"उपकार झाले," चष्मेवाला म्हणाला, आणि मग राहवेना म्हणून त्याने विचारलं, "ते यंत्र कुठंय?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "परत केलं," मेहुणा म्हणाला. "तुम्ही नव्हतात तेव्हा लावून बघितलं होतं दोनदा. फारच घाई करतं ते."

फ्रिजवाल्याने बेस खोळीत घातली, चेन लावली आणि महिन्याचं दुसरं वाक्य खर्च केलं. "आपल्याला तुझाच वेग बरा."

 चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, कारण डोळे पुसले असते तर मेहुण्याने आयुष्यभर ऐकवलं असतं.

मागच्या जिन्याने सगळे खाली निघाले. मेहुण्याने त्याला दंडाला धरून घेतलं होतं, आणि तो प्रत्येक पायरीवर कण्हत, लंगडत उतरत होता. बायको मधल्या वळणावर उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. तिने त्याच्या हातातल्या काठ्या घेतल्या, दुसरा दंड धरला आणि भावाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "ऑपरेशन उजव्याचं झालंय."

दोन पायऱ्या तो तसाच उतरला. तिसरीवर त्याने पाय बदलला.