बर्फाखालची धाटं

दुसऱ्या खेपेलाही बासष्टाव्या तासालाच तेल काळं यायला लागलं, तेव्हा मी हातमोजे काढून भिंतीवर फेकले. माझा राग सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यामुळे कोणी दचकलं नाही. कॉर्विन तेवढा खुर्चीतून उठला. तो आमचा रसायनतज्ज्ञ आणि कारखान्याचा प्रमुख, माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

काम सांगायला सोपं. आमच्या आयोवा राज्यात कणसं काढून झाली की शेतात मक्याची धाटं उरतात. त्यांचा भुगा करायचा, हायड्रोजनच्या दाबाखाली भट्टीत तापवायचा आणि उठलेली वाफ पांढऱ्या मण्यांच्या थरातून न्यायची. हे मणी म्हणजे उत्प्रेरक, ते वाफेतला प्राणवायू काढून टाकतात आणि शेवटी ट्रॅक्टरमध्ये ओतता येईल असं डिझेल हाती येतं. मणी शाबूत राहून भट्टी सलग शंभर तास चालली पाहिजे, अशी अनुदान देणाऱ्या राज्य सरकारची अट होती. मार्चअखेरपर्यंत नाही जमलं तर कारखान्याला कुलूप. आम्ही अकरा माणसं, आणि मण्यांचं एकच पिंप शिल्लक.

निकामी झालेल्या, आमच्या भाषेत मेलेल्या, मण्यांत सोडियम सापडलं होतं. कॉर्विननं पाण्याच्या नळ्यांवर संशय धरला आणि आठवडाभर सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. मी भट्टी चालवते, पण वाढले शेतात. त्या दिवशी धाटांच्या बांधलेल्या गाठींच्या शेडमध्ये धुसफुसत उभी असताना सवयीनं एक धाट मोडून चघळलं. खारट लागलं. दुसरी गाठ फोडून आतलं धाट चघळलं, तेही खारट. मीठ, म्हणजे सोडियमच. आणि झाडून सगळ्या गाठी माझ्या बाबांच्या शेतातल्या होत्या.

बाबांचं नाव ऑर्व्हिल ट्वेट, वय एक्याऐंशी. गंजी रचावी तर ऑर्व्हिलनं, असं आजही इथे म्हणतात. ते स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते. गाठींत मीठ टाकलंत का, असं मी सरळ विचारलं. हो, म्हणाले, मग काय. गेल्या हंगामात पावसानं धाटं ओली राहिली होती. ओला चारा बांधताना मीठ मारलं की बुरशी धरत नाही, गंजी आतून तापत नाही. त्यांचे वडील तेच करायचे. लेकीच्या कारखान्याला माल जाणार म्हणून त्यांनी चार मुठी जास्तच मारलं होतं.

"बाबा, त्या मिठानं आमचे मणी मेले. दोन्ही वेळा."

त्यांनी कप खाली ठेवला. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. धुऊन निघेल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हजार गाठी धुवायच्या आणि या थंडीत वाळवायच्या, तोवर मार्च उलटून जाईल. ते उठून खिडकीपाशी गेले.

"टेकडीपलीकडच्या चाळीस एकरांत मी गाठी बांधल्याच नाहीत," ते म्हणाले. "धाटं तशीच बर्फाखाली पडलीत. त्यात मिठाचा कण नाही."

त्या चाळीस एकरांवरून सगळे त्यांची टिंगल करायचे, म्हातारा आता आळसावला म्हणून. मी तिथली मोळीभर धाटं उकरून कॉर्विनला दिली. संध्याकाळी तो ती तपासून जवळजवळ पळतच आला. पावसानं आणि वितळत्या बर्फानं धाटांतले अंगचे क्षारही धुऊन नेले होते, आणि तेही मण्यांना मारकच. गाठींतल्या मिठाचंही मी त्याला सांगितलं, पण ते आलं कुठून ते नाही. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, तेच ट्रकच्या चाकांनी उडालं असणार, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलं. मी मूग गिळून गप्प बसले.

मार्चमध्ये त्या शेतात पहाटेच शिरता येतं. दहा वाजले की गोठलेली जमीन सुटून चिखल होतो आणि ट्रॅक्टर आसापर्यंत रुततो. चार पहाटे आम्ही राबलो, बाबा स्वतः ट्रॅक्टरवर. माल थोडा, म्हणून भट्टीजवळच्या गरम हवेवर वाळवता आला. घरी बसा म्हटलं तर म्हणाले, तू तुझी भट्टी बघ.

तिसऱ्या खेपेच्या बासष्टाव्या तासाला सगळे तेलाच्या नळीभोवती जमले होते. त्रेसष्टावा गेला. सत्तरावा गेला. तेल स्वच्छ येत होतं. शंभर भरले तेव्हा कॉर्विन म्हणाला, अट पुरी झाली, बंद करू या. मी म्हटलं, बटणाला हात लावून तर बघ. एकशे एकोणिसाव्या तासाला भट्टी थांबली ती धाटं संपली म्हणून. मणी ठणठणीत होते. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पुढच्या हंगामात माल गावातल्या सगळ्यांकडून घ्यायचा होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी कॉर्विन शेतकऱ्यांसाठी सूचना लिहायला बसला. वाहतुकीत गाठी झाकून आणा, एवढं लिहून त्यानं आणखी काय म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी भट्टीची नोंदवही चाळायला लागले. बाबा दारात उभे होते.

"रस्त्यावरचं नव्हतं ते मीठ," ते म्हणाले. "मी टाकलं होतं. ही मार्लिस मला सांभाळून घेतेय."

कॉर्विन अवघडला. गाठींत मीठ टाकू नये असं लिहितो, म्हणाला, तुमचं नाव कशाला.

"नाव घाल, पोरा. नाहीतर इथले म्हातारे ऐकायचे नाहीत. ऑर्व्हिल चुकला म्हटलं तरच त्यांचे हात थांबतील."

कॉर्विनचं पेन काही हलेना. शेवटी मी ते त्याच्या हातून घेतलं आणि बाबांचं नाव लिहिलं, आडनावासकट.