ठोकळ्यांचा मनोरा

तोंडात टाचण्या असल्या की भांडता येत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या संसारातली निम्मी शांतता त्यावरच टिकून असते. त्या दुपारी तिच्या ओठांत टाचण्यांची ओळ होती, मांडीवर कुणाच्या तरी लांब कोटाचा उसवलेला काठ होता, आणि दारात नणंद उभी होती, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता.

"रविवारी आपली भिंगरी स्टेजवर!" नणंद म्हणाली. "डॉक्टर स्वतः म्हणाले. पालकांचा मेळावा आहे. ही मुलगी आधी कशी होती, आता कशी झाली, ते सगळ्यांना दाखवायचं. नवा फ्रॉक शिव बाई तिला. निळा शिव. मागचा पडदा पिवळा आहे, उठून दिसेल."

"म्म्," ती म्हणाली. टाचण्यांमधून तेवढंच बाहेर येत होतं.

नणंद त्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती, गाल लाल झाले होते. तिथले डॉक्टर हातांनी मान आणि पाठ दाबून, वळवून उपचार करत. आत गेलेली मोठी माणसं कण्हत जात आणि हसत बाहेर येत, हे खरं होतं. नवरा त्यांना हाडवैद्य म्हणायचा.

"हाडवैद्य म्हणू नकोस रे," नणंद धाकट्या भावाला दटावायची. "राग येतो त्यांना. कायरोप्रॅक्टर म्हण."

"तेवढं म्हणेपर्यंत माझ्याच मानेचा काटा सरकेल, ताई."

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. चालायला लागली ती धावतच, आणि धावायला लागली ती गोल. जेवताना एक पाय खुर्चीवर, एक दाराकडे. गोष्ट सांगायला बसावी तर गोष्टीतला ससा बिळात शिरायच्या आत ही खिडकीत पोचलेली. आई मशीनच्या पायडलवर ताल धरून गुणगुणायची:

*लेक माझी भिंगरी, वारा हिच्या पायांत,*
*एका ठायी बसवू कशी, फूल फिरे पाण्यात.*

पण शाळेत फुलाला कोण विचारतो? वह्या अर्ध्या, डबा वर्गात विसरलेला, बाईंचं वाक्य संपायच्या आत हिचं उत्तर, आणि तेही दुसऱ्याच प्रश्नाचं. मैत्रिणींनी खेळायला घेणं बंद केलं, तेव्हा ती घरी येऊन टेबलाखाली बसून रडली. शाळेने मोठ्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी मुलीशी खूप वेळ गप्पा मारल्या आणि सांगितलं, "लक्ष टिकत नाही, तो हिचा हट्ट नाही. आजाराला नाव आहे, उपायही आहेत. झोप नीट, भरपूर पळणं, अभ्यास छोट्या छोट्या तुकड्यांत. शाळेशी मी बोलते. त्याने भागलं नाही तर गोळी देऊन पाहू."

गोळी म्हटल्यावर नवऱ्याच्या पोटात गोळा आला. "एवढ्याशा जिवाला डोक्याची गोळी? लोक काय म्हणतील?"

"आमच्याकडे आणा की," नणंद म्हणाली होती. "गोळी नाही, सुई नाही. फक्त मणका जागेवर बसवतात. अशी किती मुलं येतात!"

धाकट्या भावाला जिने आईविना वाढवलं, ती नणंद. तिच्या शब्दाला घरात वजन होतं. डॉक्टरांनी भिंगरीची मान चाचपून सांगितलं, वरचा मणका सरकलाय, मेंदूचे निरोप तिथे अडकतात. कट् असा आवाज झाला, पण भिंगरी रडली नाही. सोबत घरी पाळायचे नियमही मिळाले. साखर बंद, मोबाइल बंद, लवकर झोप, सकाळी मोकळ्या हवेत. आईने सगळं मनापासून पाळलं. लवकर झोपल्याने सकाळची रडारड थांबली, हेही ती मान्य करायची. "झोपेचं श्रेय मी झोपेला देते," एवढं मात्र म्हणायची.

आणि मग भिंगरी शांत झाली. शाळेतून तक्रार येईना. जेवताना दोन्ही पाय खाली. नवरा म्हणाला, "बघ!" नणंद म्हणाली, "बघ!" आईनेही बघितलं. घर किती मोठं वाटायला लागलं होतं. त्यात काहीतरी टोचत होतं, पण कुठे, ते सापडत नव्हतं.

नणंद अजून दारातच होती, तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली. आईने निळा फ्रॉक काढून तिला घातला. तो तिने आधीच शिवत आणला होता, खालची पट्टी तेवढी टाचायची होती. आजवर हिचं माप घेणं म्हणजे टेबलाभोवती शर्यत असे. हातात टेप घेऊन आई मागे, "हलू नकोस गं, टाचणी टोचेल!" आणि पुढे हसण्याचा खळखळाट.

आज भिंगरी उभी राहिली. नुसती उभी. दुकानातल्या पुतळ्यासारखी.

आई खाली बसून टाचत गेली. "वळ बाळा." भिंगरी वळली, पण मान वळली नाही. पायांपासून डोक्यापर्यंत सगळी एकदम फिरली, कपाट सरकवावं तशी. आईने हाक मारली, "इकडे बघ." पुन्हा तेच. छोटी छोटी पावलं टाकत अख्खी मुलगी फिरली, आणि डोळे आधी आईवर आले, मग बाकीची ती.

आईने टाचण्या तोंडातून काढून हातात घेतल्या.

"मान दुखते का गं?"

"नाही."

"मग अशी का उभी आहेस?"

"पडेल."

"काय पडेल?"

भिंगरीने आत्याकडे पाहिलं, म्हणजे सगळी आत्याकडे फिरली. मग हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा केला होता. एकावर एक. मग मधला एक ठोकळा बोटाने सरकवला. सगळा पडला धाडकन. म्हणाले, ही तुझी मान. फार उड्या मारल्यास, डोकं फिरवलंस, तर परत सरकेल. मग मी परत पहिल्यासारखी होईन. मला पहिल्यासारखं नाही व्हायचं. मग कोणी खेळायला घेत नाही."

"आता घेतात?"

"आता मी खेळतच नाही."

"आणि वर्गात? बाई शिकवतात ते समजतं ना आता?"

"ऐकू नाही येत, आई." ती इतक्या साधेपणाने म्हणाली, की आईच्या हातातल्या टाचण्या तळव्यात रुतल्या. "मी मनोरा धरून बसलेली असते ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. हिचं लक्ष सापडलं, सापडलं म्हणून सगळे नाचले होते. आणि ते सगळंच्या सगळं लेकीच्या मानेत कोंडलेलं होतं. जीव मुठीत धरतात, तशी ही पोर डोकं खांद्यांवर धरून दिवस काढत होती. आणि आपण म्हणत होतो, शांत झाली!

*वारा माझ्या दारचा, कुणी बांधला दाव्याला,*
*हसू गेलं कुठं बाई, विचारू कुण्या गावाला?*

हे गुणगुणणं नव्हतं. दातांतून आलं होतं.

आतून नवरा हात पुसत आला. "काय झालं?"

तिने सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण बसायला तर लागली ना? थोडी भीती असावी मुलांना."

"अहो, भीती तुम्हाला होती. लोकांची. ती हिच्या मानेवर ठेवलीत."

"ओरडतेस काय?"

"ओरडत नाहीये. ओरडले तर शेजारची काच फुटेल."

नणंद मध्ये पडली. "हे बघ, त्यांनी समजावून सांगितलं असेल, पोरीने मनावर घेतलं. रविवार होऊन जाऊ दे, मग शांतपणे बोलू. मी तिथे काम करते. माझी मान खाली जाईल सगळ्यांसमोर."

"ताई," ती म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आला, "तुमची मान खाली जाऊ नये म्हणून हिने आपली ताठ ठेवायची का?"

तिने टाचलेल्या फ्रॉकवरच भिंगरीला कोट चढवला, हात धरला आणि निघाली. सुट्टी संपली म्हणून नणंदही मागे. नवरा दारात उभा राहिला. "मी पण येऊ?" असं त्याने विचारलं, पण इतक्या हळू, की ते उत्तरासाठी नव्हतंच.

दवाखाना दोन रस्ते पलीकडे, औषधांच्या दुकानाच्या वर. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचा पाठीचा कणा टांगलेला. एक बाप घड्याळ बघत बसला होता. आतलं दार बंद होतं. डॉक्टरांचा मऊ आवाज येत होता, थांबत, समजावत. आणि मग, लाकूड लाकडावर आपटत, धाडधाड धाड.

भिंगरीने आईचा हात घट्ट दाबला.

नणंद काउंटरशी पोचली होती. खुर्ची ओढली, पण बसली नाही.

दार उघडलं. एक चिमुरडी बाहेर आली. घड्याळ बघणाऱ्या बापाकडे ती धावली असती. तिचे पाय धावण्याचेच होते. पण एक हात मानेमागे ठेवून ती हळूहळू चालत आली, भरलेला पेला न्यावा तशी.

आई सरळ डॉक्टरांपुढे उभी राहिली. "हिला तुम्ही काय सांगितलंत?"

"कशाबद्दल?" ते हसले. दुष्ट माणूस नव्हता. चेहरा प्रेमळ, हात स्वच्छ. तिला त्याचाच जास्त राग आला.

"ठोकळ्यांबद्दल."

"अच्छा, ते! अहो, मुलांना चित्र दाखवलं की लक्षात राहतं."

"राहिलं. दुसरं काहीच राहिलं नाही."

"पण फरक बघा ना. किती शांत झालीय."

"घाबरलेलं मूल शांतच असतं, डॉक्टर. आमच्या गल्लीत मोठा कुत्रा आला की सगळीच मुलं शांत असतात. त्याला कोणी स्टेजवर बोलवत नाही." खुर्चीतला बाप वर बघायला लागला. "मला भांडायचं नाही. हिला एक वाक्य सांगा. तुझी मान पडत नाही, कधी पडणार नव्हती. एवढं म्हणा, मी जाते."

डॉक्टर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. "बाळ, काळजी करायची नाही. तुझी मान आता अगदी जागेवर आहे."

"परत सरकणार नाही?" भिंगरीने विचारलं.

"वेळेवर येत राहिलीस तर नाही."

आईने डोळे मिटले. आता तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी शब्द येईना. इतका राग आला की त्याला बाहेर पडायला दारच पुरेना.

बोलली ती नणंद.

"सर, आजवर मान जागेवर असलेलं एक तरी मूल इथे आलंय का?"

"ताई, तुम्ही काउंटर बघा."

"काउंटरच बघते मी. तिथूनच ऐकू येतं." तिने ओढलेली खुर्ची परत आत सारली. "दार बंद होतं, तुम्ही बोलता, आणि ठोकळे पडतात. प्रत्येकाचे पडतात. पाठ धरून आलेल्या माणसाला तुम्ही कधीकधी म्हणता, हे माझं काम नाही, हॉस्पिटलात जा. मुलांना मात्र एकदाही नाही म्हणालात. आणि मला, मला वाटायचं, मुलं आत खेळतायत."

खुर्चीतला बाप उठला. त्याने मुलीचा मानेवरचा हात हलकेच काढून आपल्या हातात घेतला. "म्हणजे हिला पण तेच?" त्याने विचारलं. डॉक्टर त्याला काहीतरी समजावू लागले, मऊ आवाजात.

नणंदेने पिशवी उचलली. "चल गं," ती म्हणाली. भावजयीकडे बघितलं नाही.

रस्त्यावर आल्यावरही भिंगरी तशीच चालत होती, खांदे वर, हनुवटी आत. भीती काय, कोणी येऊन सांगितलं आणि गेली, अशी थोडीच असते! आई तिच्यासमोर उकिडवी बसली. "ऐकलंस ना आत्याचं? ठोकळे ते सगळ्यांचेच पाडतात. मान कोणाचीच पडत नाही."

"आत्याची पडत नसेल. ती मोठी आहे."

फुटपाथच्या मधोमध आईचा बांध फुटला. तिने मान हलवली. नाही. अशी सावकाश नाही, गदागदा. नाही म्हणजे नाही! डॉक्टरांना नाही, पिवळ्या पडद्याला नाही, "लोक काय म्हणतील"ला नाही, त्या रिकाम्या मोठ्या घराला नाही. केस सुटले, एक पिन उडून गटाराच्या जाळीत पडली. बाजूला नणंदेने पिशवी खाली ठेवली आणि तीही मान हलवू लागली, डोळे गच्च मिटून, अंबाडा मोकळा होईपर्यंत. सायकलवरून जाणारा माणूस वळून बघत पुढच्या खांबावर आपटता आपटता वाचला.

भिंगरी बघत राहिली. आधी आईचं डोकं, मग आत्याचं. जागेवर होतं. परत बघितलं. होतं.

"उद्या हॉस्पिटलच्या बाईंकडे जायचं," आई धापा टाकत म्हणाली. "त्या जे देतील ते, आपण विचारून, समजून घ्यायचं. आणि बाबांना सांगायचं काम माझं."

"माझं," नणंद म्हणाली. "त्याचे कान मीच पिळलेत लहानपणी."

"आई," भिंगरी म्हणाली, "टाचणी टोचतेय."

"कुठे?"

"पोटरीला. खालच्या पट्टीची."

"केव्हापासून?"

"घरून निघाल्यापासून."

दोन रस्ते! दोन रस्ते, जिना, तो दवाखाना, आणि ही पोर टोचून घेत मुकाट उभी. आईच्या पोटातली आग पुन्हा उसळली, आणि जन्मभर मुलीला जे सांगत आली त्याच्या उलट ती भर रस्त्यात किंचाळली, "अगं मग हल ना! टोचतंय तर हल की गं!"

भिंगरी दचकली. मग एक पाय उचलून तिने झटकला. कोट हलला, खांदा हलला. आणि टाचणी कुठे आहे ते बघायला तिने मान वळवली, नुसती मान, खाली, मागे, पार मागे.