एकवीस वेळा तुटलेला दुवा

सन २०११ च्या फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत मुर्री आणि फुलचूर येथील दोन संगणकांमधला दुवा, खेळ चालू असताना, एकवीस वेळा तुटला. एकवीसही वेळा फुलचूरचा लोकेश जिंकत होता.

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. टेलिफोनच्या तारेतून येणारे इंटरनेट संगणकापर्यंत पोहोचवणे हे माझे काम होते. वरची दोन्ही वाक्ये खरी आहेत. ती वाचून जो संशय तुमच्या मनात आला, तोच लोकेशच्याही मनात आला.

मी दिसायला साधा. काळे प्लास्टिक, समोर चार हिरवे दिवे, तळाला आणि दोन्ही कडांना बारीक फटींच्या रांगा. कारखान्यात एका उघड्या टेबलावर मला बारा तास चालवून पाहिले गेले आणि मग पाठीवर शिक्का मिळाला. २००९ साली मी मुर्रीला इंद्रकुमारच्या घरी आलो. त्याच्या आईने, रुक्माबाईंनी, मला हळदकुंकू लावले. घरामागे राईस मिल होती; तिचा कोंडा दिवसभर उडत राही आणि प्रत्येक वस्तूवर बसे. म्हणून त्या घरात टीव्हीला खोळ होती, मिक्सरला होती, फोनलाही होती. मला लाल मखमलीची मिळाली, सोनेरी काठाची. दिवे दिसावेत म्हणून रुक्माबाईंनी समोर मापाची खिडकीही ठेवली होती. पाहुणे माझे कौतुक करीत. काम हलके होते: कधी परीक्षेचा निकाल पाहणे, कधी एखादा अर्ज भरणे.

इंद्रकुमार आणि लोकेश पॉलिटेक्निकला एका बाकावर बसत. गावे वसवून फौजा लढवण्याचा एक खेळ ते गोंदियातल्या कॅफेत शेजारी बसून खेळत आणि निम्मे निम्मे सामने जिंकत. कॅफे बंद पडला. खेळाची अट अशी, की सगळे संगणक एकाच खोलीतल्या जाळ्यात हवेत. तेव्हा दोघांनी आठवडाभर खपून व्हीपीएन उभारले. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या गर्दीतून काढलेला खासगी बोगदा. त्यामुळे फुलचूरच्या संगणकाला आपण मुर्रीच्याच खोलीत आहोत असे वाटते. बोगद्याची गुप्त किल्ली लोकेशने ई-मेलने मागवली नाही. सायकलवर पेन ड्राइव्ह घेऊन तो स्वतः आला. त्याचे वडील भैयालाल यांचे मत निराळेच होते: "एका घरातून दुसऱ्या घरात वाट काढली, तं चोर कायले नाई येणार?"

पहिला सामना संध्याकाळी सहाला सुरू झाला. एकसष्टाव्या मिनिटाला माझे चारही दिवे विझले. तीन मिनिटांनी मी शुद्धीवर आलो, तोवर सामना रद्द झाला होता. मग हे होतच राहिले. बेशुद्ध पडणाऱ्याला आपण का पडलो हे कळत नाही. मीही इतरांसारखाच संशय घेत बसलो. वीज गेली म्हणावे, तर संगणक चालूच असे. राईस मिलच्या मोटारीवर माझा बरेच दिवस रोख होता, पण मिल बंद असलेल्या रविवारीही दुवा तुटला. अंग तापलेले जाणवे. पण गोंदियात मे महिन्यात कोणाचे तापत नाही?

एकविसाव्या वेळेनंतर लोकेश मुर्रीला आला. जूनमध्ये दोघे पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला जाणार होते. एकच खोली घ्यायची, हे दिवाळीतच ठरले होते.

"वायर काढतं का बे तू?" त्याने दारातूनच विचारले.

"मी हात नाई लावलो."

"इक्कीस बार, इंद्र्या. आन् इक्कीसही बार मीच जिंकून राहिलो होतो. याले इत्तेफाक म्हणतं? तू नागपूरले तुही खोली पाह्य, मी माही पाह्यतो."

इंद्रकुमारची बहीण रचना बी.एस्सी.ला होती, गेले काही आठवडे ती दुवा तुटण्याच्या वेळा वहीत टिपत होती. तिने विचारले, "लोकेशभाऊ, तुमी हारता तेवा सामना किती वेळ चालते?"

"पंचवीस मिनिटं. हा धाडकन फौज आणते ना."

"आन् जिंकता तेवा?"

"कॅफेत तं घंटा, सवा घंटा लागे. मी पहिले तटबंदी बांधतो."

"म्हंजे छोटा सामना दादाचा, लांबला तं तुमचा. दुवा फक्त लांबलेला सामना तोडते. फेब्रुवारीत एकसष्ट मिनिटांनी तोडे, आता अडतीस. दादा उन्हाळा पाहून वायर काढते का?"

लोकेश खाली बसला, पण म्हणाला, "मी इथंच बसतो. याचे हात दिसले पायजे."

त्या दिवशी खेळ झालाच नाही. फुलचूरचा संगणक चालू होता; दोन्ही संगणक एकमेकांना नुसत्या हाका देत राहिले. जिंकणारे कोणी नव्हते, हरणारेही नव्हते. एकोणचाळिसाव्या मिनिटाला माझे दिवे विझले. इंद्रकुमारचे दोन्ही हात मुरमुऱ्याच्या वाटीत होते.

रचनाने खोळीखाली हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी खोळ काढून मी तीन तास अखंड चाललो. "एक दिवस नाई तुटला, म्हणून काय झालं?" लोकेश म्हणाला. शंका रास्त होती. तिसऱ्या दिवशी रचनाने खोळ पुन्हा चढवली. चाळीस मिनिटे. चौथ्या दिवशी काढली. तीन तास. लोकेशने वही स्वतः वाचली, मग इंद्रकुमारकडे न पाहता म्हणाला, "खोली एकच पाह्य. पंखा मातर चांगला पायजे."

रुक्माबाई खोळीची घडी करीत मला म्हणाल्या, "कोंडा बसू नये म्हणून शिवली होती रे बाबा."

मित्रांनो, ते मला ठाऊक होते. मी आता कपाटावर निकामी पडून आहे आणि माझ्यावर कोंडा साचतो. एखाद्या वस्तूला मायेने झाकण्यापूर्वी ती श्वास कुठून घेते ते पाहा, आणि एखाद्या मित्राला दोष देण्यापूर्वी मोजा, एवढेच माझे मागणे आहे. रचनाने त्या दिवशी माझ्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी अजून निघालेली नाही. तिच्यावर लिहिले आहे:

"मखमली खोळीने मोडेमच्या हवेच्या फटी बंद होत होत्या. सतत काम पडले की तो तापून बंद पडे; उन्हाळ्यात लवकर. वायर कोणीही काढली नव्हती."