गल्लीला दिसेनासा झालेला माणूस

दुपार कलंडली तसे गल्लीतले चष्मे एकेक करून पाहुण्याच्या दुकानात येऊन पडायला लागले.

पाहुणा म्हणजे चष्मेवाला. परदेशातून येऊन इथे काचा घासत बसला, त्याला बारा वर्षं होत आली, तरी गल्लीच्या तोंडी पाहुणा तो पाहुणाच. आधी न्हावी आला. म्हणे, दांडी टोचते. दांडी कुठेही टोचत नव्हती. मग शिंपीणमावशी आली आणि नाकावरचा चष्मा काढून ट्रेमध्ये टाकला.

"पुसून ठेव. दिवे लागले की नेते. घाई केलीस तर बघ."

"मावशी, सुई कशी ओवणार?"

"आज सुईला सुट्टी. तिलाही जीव आहे."

पाहुण्याला काही हसू आलं नाही. आज सूर्य मावळला की त्याची बारा वर्षं भरणार होती. कायदा असा, की परदेशी भाडेकरू एका जागी बारा वर्षं विनातक्रार राहिला, की पुढे त्याला कोणी हलवू शकत नाही. पण मालकाला हे दुकान जावयासाठी हवं होतं, आणि त्याची नोटीस घेऊन कोर्टाचा बेलीफ निघाला होता. सूर्य बुडायच्या आत कागद हातात पडला, की पाहुण्याचा बोजाबिस्तरा रस्त्यावर. कुलूप घालून सटकावं, तर तेही जमेना. इथला कायदा त्याने पोपटासारखा पाठ केला होता, आणि पळण्याचं कलम त्यात नव्हतं. बसला आपला बळीच्या बकऱ्यासारखा.

उन्हाची तिरीप ट्रेवर आली. सगळ्या काचा पेटल्या आणि भिंतीवर, छतावर, त्याच्या हातांवर उजेडाचे ठिपके पोहायला लागले. दुकान जणू हळूच पाण्याखाली गेलं.

त्या पाण्यात बेलीफ शिरला. मागे मालक.

"ते परदेशी गृहस्थ तुम्हीच का?" बेलीफने घाम पुसत विचारलं.

"मीच."

"तुमच्या म्हणण्याला किंमत नाही हो. परदेशी माणसाला नोटीस द्यायची तर हाच तो, असं समोर बघून सांगणारे गल्लीतले दोन पंच लागतात."

"मी सांगतो की," मालक म्हणाला.

"तक्रार तुमची, पंचही तुम्हीच? मग निकालही तुम्हीच द्या, मी घरी जातो."

न्हाव्याला हाक गेली. तो चौकट धरत धरत आला आणि डोळे बारीक करून बघत राहिला.

"काय आहे ते? उभं आहे की टांगलंय?"

"माणूस आहे," बेलीफ म्हणाला.

"असेल बाबा. मला नुसता कोट दिसतो. चष्मा दुरुस्तीला टाकलाय."

"अरे, रोज याच्याशी तासन्तास गप्पा हाणतोस," मालक तडकला.

"गप्पा कानाने हाणतो, मालक."

मग शिंपीणमावशी. ती इतकी जवळ आली, की तिचं नाक पाहुण्याच्या नाकाला टेकायचं बाकी राहिलं.

"माझा मेव्हणा वाटतो," ती म्हणाली. "पण तो जाड होता. नाही बाई, याला मी जन्मात पाहिला नाही."

हे ती इतक्या निर्मळ तोंडाने बोलली, की पाहुण्यालाही ते खरं वाटलं. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हातावर ठिपके पोहत होते, आणि क्षणभर त्याला वाटलं, खाली हात नाहीच, नुसता उजेड आहे.

बेलीफ गल्लीभर फिरला. कोणी भिंत चाचपत चाललं होतं, कोणी विजेच्या खांबाला 'बरं आहे ना?' विचारत होतं. एकालाही पाहुणा दिसेना. ऊन छपरांवर चढलं, तांबडं झालं, विझलं. बेलीफने कागदावर लिहिलं, 'सदर इसम मिळून आला नाही,' आणि त्या इसमाकडूनच ग्लासभर पाणी मागून प्याला. मालक पाय आपटत गेला.

ट्रेभोवती झुंबड उडाली.

"मावशी, तुम्ही चक्क खोटं बोललात," पाहुणा म्हणाला.

"चष्मा कुणाकडे होता? तुझ्याकडे. मग मला बोलायचं नाही. तुझ्या कायद्याच्या पुस्तकात पंच लिहिलेत, त्यांना दिसलंच पाहिजे असं लिहिलंय का?"

पाहुणा मनातल्या मनात सगळी कलमं चाळून आला. नव्हतं लिहिलेलं.

"आणि उद्या कचेरीत चल," न्हावी म्हणाला. "कायमच्या परवान्यालाही दोन पंच लागतात. मी आणि मावशी. उद्या आम्हाला मुंगीसुद्धा दिसेल."

"तिथला साहेब विचारेल, याचं नाव काय," मावशी म्हणाली. तिने न्हाव्याकडे बघितलं. न्हावी मान खाजवत होता.

"पाहुणा," तो म्हणाला.

"ते काय नाव आहे, मेल्या?"

मग पाहुण्याने नाव सांगितलं. लांबलचक होतं, मध्ये दोन ठिकाणी जीभ दुमडावी लागायची. न्हावी पहिल्याच वळणावर आडवा झाला. मावशीने टाके घालतात तसं तुकड्यातुकड्याने घेतलं, तर शेपूट डोक्याला लागलं. पण उद्या कचेरीत अडखळून चालणार नव्हतं. दिवे लागले, तरी या दारातून अर्धं, त्या खिडकीतून भलतंच, असं ते नाव गल्लीत तरंगत राहिलं. पाहुणा काचा पुसत बसला, आणि जिच्यात त्याचं एखादं अक्षर सापडेल, त्या प्रत्येक हाकेला ओ देत राहिला.