खालचा सा

"हा रिपोर्ट नऊ महिन्यांपूर्वीचा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

मी तारीख वाचली. खाली ह्यांची सहीसुद्धा होती. मी वळून पाहिलं तर हे भिंतीवरचं घशाचं रंगीत चित्र बघत बसले होते, दुसऱ्याच कुणाचा घसा असल्यासारखे.

"काका, तेव्हाच सांगितलं होतं ना तुम्हाला? सहा आठवड्यांच्या आत घशातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायचा म्हणून?"

"हो," हे म्हणाले. त्या एका 'हो'ने टेबलावरची काच झणझणली असं मी सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण ह्यांच्या आवाजाचे चाहते याहून मोठ्या गोष्टी लिहायचे.

"मग आला का नाहीत?"

"राहून गेलं."

"दूध आणायचं राहून जातं, काका. हे राहून जात नाही."

मला वाटलं होतं, आपण घसा बसलाय म्हणून आलोय. गोळ्या मिळतील, वाफारा घ्यायला सांगतील. मी तर घरी जाऊन शिवायला घ्यायच्या गिऱ्हाइकाच्या पडद्यांचं माप मनात घोळवत होते.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. सव्वीस वर्षं. लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून वरखाली जाते तिच्या तळाशी एक माणूस उतरतो आणि दुसरा वर मशीनपाशी असतो. खालच्याने ओरडून सांगायचं, 'सोड', 'थांब', 'अजून एक वीत'. ऐकण्यात चूक झाली तर खालचा माणूस संपला. म्हणून खाली नेहमी ह्यांनाच उतरवत. ह्यांचा आवाज अकरा मजले चढून जायचा आणि त्यासाठी ओरडावंही लागायचं नाही.

घरात मात्र त्या आवाजाची पंचाईतच. हे फोनवर बोलले की खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ जागं व्हायचं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आणि ह्यांच्या आवाजाबद्दल मी बोललेलं वाक्य आठवायला बसले तर एकच आठवतं. "अहो, हळू."

गाणं ह्यांना आधीपासून होतं. पाचजणांचा एक गट होता, नाव 'पाच गळे'. एकही वाद्य नाही, सगळं तोंडाने. पोस्टमास्तर मुख्य गाणं म्हणायचे. न्हावी तोंडाने असा ठेका धरायचा की लोक त्याच्या मागे तबला शोधायचे. विजेच्या सामानाचं दुकान असलेले दोघे भाऊ मधले सूर भरायचे. आणि हे सगळ्यांच्या खाली. हॉलमध्ये टाळ्या पोस्टमास्तरांना, हशा न्हाव्याला. ह्यांचा सूर ऐकू यायचा नाही, तो नसला तरच कळायचं की काहीतरी पडलं. एकदा एका कार्यक्रमानंतर तिथल्या मंडळाच्या चिटणीसाने विचारलं होतं, "हे पाचवे नुसतेच उभे असतात का हो?" घरी येऊन ह्यांनी ते हसत सांगितलं. मीही हसले.

दोन वर्षांपूर्वी लेकीने एका रविवारी दुपारी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "बाबा, आज एकटे गा. बाकीच्यांना जाऊ दे." एक जुनी अंगाई होती, बाईच्या आवाजातली. ती ह्यांनी दोन सप्तकं खाली नेली. साथीला कुणी नाही. मी उरलेल्या जाड कापडाचे दुहेरी पडदे शिवून दिले होते, रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. माझं काम तेवढंच. गाणं चाललेलं असताना मी आत शिलाई मशीन बंद करून बसले होते आणि मनात म्हणत होते, लवकर आटपा.

लेकीने ते इंटरनेटवर टाकलं. चॅनेलला नाव दिलं 'तळघर'. आठवड्याभरात चाळीस हजार माणसांनी ऐकलं.

रोज संध्याकाळी लेक अभिप्राय वाचून दाखवायची. कुणी लिहिलं, 'हेडफोन लावून ऐकलं, दाढा हलल्या.' कुणी लिहिलं, 'आमचं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलंय, बाहेर यायला तयार नाही.' एक मुलगी लिहायची, 'तळघरवाले काका, परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमचं एक गाणं ऐकते, छातीतली धडधड थांबते.' हे हात पुसत पुसत ऐकायचे. हातांचं ग्रीस कधीच निघालेलं असायचं, तरी पुसत राहायचे. "परत वाच ते कुत्र्याचं," म्हणायचे.

दर पंधरा दिवसांनी नवं गाणं. लोक फर्माइशी करायचे, हे ती गाणी शोधून, रविवारपर्यंत बसवायचे. पोस्टमास्तरांनी एकदा भेटल्यावर पाठीवर थाप मारली. "आता काय बुवा, मोठा माणूस झालास!" म्हणाले. त्यानंतर 'पाच गळ्यां'च्या तालमीचा निरोप येईना. ह्यांनी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला नाही.

आणि आवाज उतरायला लागला.

प्रत्येक गाण्यात ह्यांचा शेवटचा सूर आधीपेक्षा खाली जाई. लोक अक्षरशः वेडे झाले. 'याही वेळी आणखी खाली!' 'याच्या खाली फक्त पाताळ!' कुणीतरी सगळ्या गाण्यांतले तेवढेच सूर कापून एकापुढे एक जोडले. त्याच्यावरही हजारोंनी वाहवा केली. ह्यांना त्या वयात तसा आवाज कसा काय लागतो, रियाज काय करतात, लोक विचारायचे. हे लेकीला सांगायचे, "लिही, देवाची देणगी."

मी काय बघत होते? सकाळी आवाज फुटायला अर्धा तास लागायचा. पाणी पिताना ठसका लागायचा. "गुळण्या करा," मी सांगायचे. सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

दवाखान्यातून निघालो तेव्हा बसथांब्याच्या बाकावर बसलो. एक बस गेली. दुसरी गेली.

"का नाही सांगितलंत?"

"तू ऑपरेशन करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सूज आहे, गाठ आहे. काढली की आवाज वर चढेल. चारचौघांसारखा होईल."

"मग झाला असता! आधी काय चारचौघांसारखा नव्हता?"

हे माझ्याकडे वळले. "आधी कसा होता, सांग बरं."

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. मोठा होता, एवढंच आठवत होतं. जवळून बस गेली म्हणून मी बोलले नाही असं वाटावं, अशा बेताने मी रस्त्याकडे बघत राहिले.

"एकोणीस वर्षं त्या चौघांच्या मागे उभा राहिलो," हे म्हणाले. "कुणाला ऐकू गेलो नाही. आता लोक माझी वाट बघतात. मला वाटलं, अजून दोन गाणी. मग आणखी दोन."

"लोकांना काय जातंय? त्यांच्या घरातलं कुणी मरतंय का?"

ह्यांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "ते ऐकतात गं."

त्या 'ऐकतात'चा राग मला आजही येतो. ह्यांचा नाही, माझाच. पण त्या दिवशी मी तो सगळा ह्यांच्यावर काढला. बाकावरून उठले आणि चालत घरी आले. मागे वळून पाहिलं नाही.

तुकडा तपासून आला. गाठ आता गाठ राहिली नव्हती. स्वरयंत्र पूर्ण काढायचं ठरलं. तारीख लागली बुधवारची, आणि आधीच्या रविवारी ह्यांनी लेकीला सांगितलं, "खुर्ची ठेव."

लेक रडवेली झाली. "बाबा, नको. आई, तू तरी सांग."

मी म्हटलं, "गाऊ दे."

त्या दिवशी मी आत बसले नाही. समोर स्टुलावर बसले. पुन्हा तीच अंगाई. दुसऱ्या कडव्यात आवाज दोनदा फाटला. एका ओळीत तर शब्द आलेच नाहीत, नुसती घरघर आली. पण शेवटचा खालचा सा ह्यांनी लावला. तो माझ्या कानांना कळला नाही, स्टुलाच्या लाकडातून मांडीला कळला. संपल्यावर हे माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "पाणी देऊ?"

लेकीने तेही टाकलं, ऑपरेशनचं काही लिहिलं नाही. लोकांनी लिहिलं, 'आतापर्यंतचं सर्वोत्तम.' 'मुद्दाम आवाज फाडलाय तो काय कमाल आहे!' 'काका, आता याच्याही खाली.' ऑपरेशन चालू असताना दवाखान्याच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा ते सगळं स्वतः वाचलं. एकशे सत्तर अभिप्राय होते. एकेक वाचला.

आता ह्यांच्या गळ्याला खाली एक भोक आहे. श्वास तिथूनच जातो-येतो. त्यावर पातळ कापडाचा रुमाल असतो, मीच शिवते, डझनाने. बोलायला एक यंत्र दिलं होतं, गळ्याला लावायचं. त्यातून निघालेला पहिला शब्द ऐकून ह्यांनी ते डब्यात ठेवलं, ते अजून काढलेलं नाही. पाटीवर लिहितात. खाली उतरायचं काम अर्थातच गेलं. ज्याला 'थांब' म्हणता येत नाही त्याला विहिरीत कोण उतरवणार? कंपनीने सामानाच्या खोलीत बसवलंय. नटबोल्ट, तारा, बटणं. कुणी मागितलं की काढून द्यायचं. साहेब म्हणाले, "बरंय की, आरामाचं काम."

लेकीने शेवटी चॅनेलवर खरं लिहिलं. दोन दिवस हळहळ झाली, प्रार्थना झाल्या. मग एकाने लिहिलं, 'वाईट वाटलं, पण गाणी तर आहेतच आपल्याकडे.' त्याला सगळ्यांत जास्त लोकांनी दुजोरा दिला. ह्यांनी ते वाचलं, फोन लेकीच्या हातात परत दिला आणि रुमालांच्या घड्या घालायला लागले.

गेल्या शनिवारी दुपारी एक बाई आणि त्यांचे मिस्टर आले. बाई शाळेत शिक्षिका. सहा तास गाडी चालवून आले होते, लेकीला विचारून. बरोबर फळांची टोपली. ह्यांना बघून बाईंनी हात जोडले आणि नंतर काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून माझ्याकडे वळल्या.

"त्यांना सांगा ना, त्यांच्यामुळे मी आज उभी आहे."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "त्यांना ऐकू येतं."

बाई ओशाळल्या. मग ह्यांच्याकडे बघून हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या, लहान मुलाशी बोलावं तसं. त्यांचा मुलगा गेला होता. एकुलता एक, बावीस वर्षांचा. वर्षभर त्या जमिनीवर पडून होत्या. कुणीतरी ही अंगाई पाठवली. "तुमच्या आवाजाला तळ होता. मी त्यावर पाठ टेकली. झोप लागली मला."

ह्यांनी पाटी घेतली, काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. 'बरं झालं.' बाईंना दाखवलं.

चहा झाला. मिस्टरांनी लिफ्टबद्दल दोन प्रश्न विचारले, ह्यांनी पाटीवर उत्तरं दिली. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या खोली बघत होत्या, ती खुर्ची, ते पडदे.

"एक विचारू?" त्या मला म्हणाल्या, मग सावरून ह्यांना. "इथे, तुमच्या घरात, एकदा ऐकलं तर चालेल?"

ह्यांनी मान हलवली.

बाईंनी फोन टेबलावर ठेवला, गाणं लावलं आणि डोळे मिटले. पहिलं गाणं होतं ते, दोन वर्षांपूर्वीचं. धडधाकट आवाज. मी तो तेव्हा ऐकलाच नव्हता. आता ऐकत होते, आणि बसथांब्यावर मला न आलेलं उत्तर समोर वाजत होतं. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मिस्टर खाली मान घालून बसले होते. हे समोरच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुण्यांकडे पाहुणे आल्यासारखे.

दोन ओळींच्या मध्ये गाणं थांबायचं, आणि तेवढ्या जागेत ह्यांच्या गळ्यातून श्वासाची शिट्टी ऐकू यायची. आम्हाला सवय झालीय. बाईंना नव्हती. त्यांच्या कपाळाला आठी पडली. डोळे न उघडताच त्यांनी हात पुढे केला आणि फोनचा आवाज थोडा वाढवला.

हे उठले. खुर्ची वाजू नये म्हणून ती दोन्ही हातांनी उचलून मागे ठेवली. रुमाल गळ्यावर दाबून धरला, चपला न घालता बाहेर गेले आणि मागे दार हलकेच ओढून घेतलं.

मी उठणार होते. उठले नाही. दाराच्या जाळीतून त्यांची पाठ दिसत होती. गाण्याची तीन कडवी बाकी होती, आणि ते जिन्याच्या कठड्याशी उभे होते.